अभयारण्याचे नियम आणि हद्दीबाहेरचा शेतकरी

मोताळा तालुक्यात, धामणगाव बढे परिसरापासून बोथ्याच्या जंगलापर्यंत, डोंगराच्या कडेला ज्यांची शेती आहे त्यांच्या घरातील एक कर्ता माणूस पीक भरात आले की रात्री घरी झोपत नाही. मका असो, तूर असो की हरभरा असो, रानडुकरांचा कळप किंवा रोह्यांची टोळी एका रात्रीत चार महिन्यांची मेहनत मातीस मिळविते. म्हणून शेतात चार लाकडे रोवून मचाण बांधायचे, हाती बॅटरी व काठी घ्यायची, डबा वाजवायचा आणि पहाट होईपर्यंत डोळे ताणून बसायचे, हा येथील शेतीचा भागच होऊन बसला आहे. याला जागल म्हणतात. जागलीची मजुरी कोणी देत नाही आणि कोणत्याही पिकाचा हमीभाव ठरविताना ती हिशेबात धरली जात नाही.

ज्ञानगंगा अभयारण्यात दुसऱ्या प्रकारचीही मचाणे आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर येणारे प्राणी पाहण्यासाठी वनखाते ती निसर्गप्रेमी नागरिकांना उपलब्ध करून देते. शहरातून आलेली मंडळी शुल्क भरून तेथे एक रात्र जागतात, अस्वल किंवा बिबट्या दिसला तर धन्यता मानतात आणि सकाळी परत जातात. यात निंदा करण्यासारखे काही नाही. जंगल पाहण्याची ओढ ही चांगली गोष्ट आहे आणि ती जितकी वाढेल तितकी बरी. परंतु एकाच जंगलाच्या कडेला एका मचाणावर माणूस पैसे देऊन बसतो आणि दुसऱ्यावर पीक वाचविण्यासाठी नाइलाजाने बसतो, एवढी वस्तुस्थिती डोळ्यांआड करून अभयारण्याचे नियम ठरविता येणार नाहीत.

अजिंठ्याच्या डोंगररांगेतील हे अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. बिबट्या, अस्वल, भेकर, चौशिंगा यांचा येथे वास आहे. बुलढाण्याहून खामगावला जाणारा रस्ता बोथा घाटाने या जंगलातून जातो. ताडोब्यासारखी गर्दी येथे अजून नाही, आणि म्हणूनच या विषयावर बोलण्याची वेळ हीच आहे. जेथे हॉटेले, जीपगाड्या आणि जमिनीचे दलाल आधी आले व नियम मागाहून आले, तेथे नियमांना हितसंबंधांपुढे मान तुकवावी लागली. बुलढाणा जिल्ह्याला तो क्रम उलटविण्याची संधी अजून आहे.

प्रथम कायदा पाहावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत मोठा फरक केला आहे. राष्ट्रीय उद्यानात गावकऱ्यांचे हक्क संपुष्टात आणले जातात आणि गुरे चारण्यास मज्जाव असतो. अभयारण्यात मात्र काही हक्क पुढे चालू ठेवण्याची मुभा आहे व चराईचे नियमन करता येते. कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमाने प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी देता येईल हे सांगितले आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. या यादीत पर्यटनाला स्थान आहे. ज्याचे आजे-पणजे याच रानातून गवत, सरपण आणि टेंभुर्णीची पाने आणीत होते त्या शेजारच्या गावच्या माणसाचे कारण मात्र या यादीत नाही. नोंदलेला हक्क पदरात असेल तरच त्याची वाट मोकळी. पैसे भरून येणारा परका पाहुणा ठरतो आणि पेंढी घेऊन जाणारा शेजारी गुन्हेगार ठरतो, ही विसंगती कायद्याच्या रचनेतच आहे.

वऱ्हाडाला हा प्रश्न नवा नाही. १९३० साली लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. त्या गवताला बाजारात फारशी किंमत नव्हती. जंगलावर पहिला अधिकार सरकारचा की त्याच्या आश्रयाने जगणाऱ्या जनतेचा, असा तो सवाल होता. इंग्रज गेले, परंतु वनखात्याची चौकट बरीचशी तीच राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली प्रथमच कायद्याच्या भाषेत दिली. त्या कबुलीचा अंमल अभयारण्याच्या दारापर्यंत पोहोचला आहे की नाही, हे तपासण्याचे काम अद्याप उरले आहे.

आता जेथे गर्दी झाली तेथील अनुभव पाहू. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जीपगाड्यांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी रोखून धरली. चित्रफीत सर्वत्र पसरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली आणि गाडीचालक व मार्गदर्शक यांच्यावर निलंबनाची कारवाई झाली. नियम काही नव्हते असे नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ साली, सर्वोच्च न्यायालयातील वादानंतर, व्याघ्र प्रकल्पांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली त्यांत दोन गाड्यांत ५० मीटर अंतर ठेवावे, प्राण्यापासून २० मीटरहून जवळ जाऊ नये, त्याला घेरू नये, असे स्पष्ट सांगितलेले आहे. मग नियम असूनही हे का घडले?

याचे उत्तर चालकाच्या स्वभावात शोधणे म्हणजे रोग सोडून लक्षणावर उपचार करणे होय. ज्या व्यवस्थेत गिऱ्हाईक वाघ दिसावा म्हणून हजारो रुपये मोजतो, चालकाची पुढची फेरी व मार्गदर्शकाची बक्षिसी वाघ दिसण्यावर अवलंबून असते आणि फेऱ्यांखेरीज दोघांनाही दुसरे उत्पन्न नसते, त्या व्यवस्थेत नियम मोडण्याचा मोबदला रोख मिळतो व पाळण्याचा काहीच मिळत नाही. शिक्षा मात्र या साखळीतील सर्वांत गरीब दुव्याला होते. गाडीत उभे राहून ‘अजून थोडी पुढे घ्या’ म्हणणारा पाहुणा आणि वाघ दाखविण्याची हमी देऊन खोल्या भाड्याने देणारा हॉटेलमालक हे दोघेही नामानिराळे राहतात. चालकाला निश्चित पगार, पर्यटकाला थेट दंड आणि हॉटेलच्या जाहिरातीवर निर्बंध, या तीन गोष्टी होत नाहीत तोवर अंतराचे नियम कागदावरच राहतील.

बांधकामांची कथा याहून गंभीर आहे. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात पाखरो येथे पर्यटकांसाठी सफारी उद्यान उभारताना १६३ झाडे तोडण्याची परवानगी होती. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजानुसार प्रत्यक्षात सहा हजारांहून अधिक झाडे गेली. हे काम खुद्द सरकारी यंत्रणेच्या हातून झाले. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर ताशेरे ओढले आणि नोव्हेंबर २०२५ च्या निकालात रात्रीच्या पर्यटनाला बंदी घालून गाभा क्षेत्रातील पर्यटनावर अधिक कडक बंधने घातली. संरक्षण करणारे खातेच पर्यटनाचे ठेकेदार बनले की कुंपणच शेत खाऊ लागते. म्हणून वन्यजीव कायद्याच्या तेहतिसाव्या कलमात २०२२ साली झालेली दुरुस्ती महत्त्वाची आहे. अभयारण्यात व्यापारी हेतूने निवास बांधायचा असेल, मग तो सरकारी का असेना, राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वपरवानगी आता घ्यावीच लागते.

परंतु पायाभूत सुविधा म्हणजे काय, याचा विचार प्रवेशद्वार, स्वच्छतागृह, निरीक्षण मनोरा आणि डांबरी रस्ता यांपाशीच थांबतो, ही मुख्य चूक आहे. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, त्यामुळे त्याचा प्रवास शास्त्रज्ञांना पावलोपावली टिपता आला. महाराष्ट्र व तेलंगण या दोन राज्यांतून लांबची पायपीट करीत तो त्या वर्षाच्या अखेरीस ज्ञानगंगेत पोहोचला. देशभर त्याचे कौतुक झाले. तो चालला मात्र शेतांतून, नाल्यांच्या काठांनी आणि गावांच्या शिवारांतून. वाटेत त्याने गुरेही मारली, तरी लोकांनी त्याला मारले नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर वन्यजीवांच्या संरक्षणाची सर्वांत मोठी पायाभूत सुविधा म्हणजे शेतकऱ्याची जमीन आणि त्याची सहनशीलता. या सुविधेचे भाडे कोणी देत नाही, तिच्या देखभालीसाठी कोणत्याही अंदाजपत्रकात तरतूद नाही. जंगल राखल्याचा लाभ साऱ्या समाजाला मिळतो आणि त्याचा खर्च मूठभर गावांवर पडतो. खर्च आणि लाभ यांची अशी फारकत झाली की कालांतराने सहनशीलता संपते. मग कुंपणात विजेचा प्रवाह सोडला जातो आणि वाघही मरतो व माणूसही मरतो.

सुविधांचा प्राधान्यक्रम म्हणूनच बदलला पाहिजे. कृषिपंपांना आलटून पालटून दिवसा व रात्री वीज देण्याची पद्धत राज्यात वर्षानुवर्षे चालत आली. रात्रीच्या पाळीत पाणी द्यायला जाणारा शेतकरी बिबट्याच्या आणि अस्वलाच्या वाटेवर उभा असतो. अभयारण्यालगतच्या गावांना सर्वांआधी व बारमाही दिवसा वीज मिळणे ही वन्यजीव संरक्षणाची सुविधा आहे, आणि ती निरीक्षण मनोऱ्याइतकीच आवश्यक आहे. तीच गोष्ट सामूहिक कुंपणाची, पंचनामा वेळेत होण्याची आणि नुकसानभरपाई हंगाम संपण्यापूर्वी हाती पडण्याची. बोथा घाटातील रस्त्यावर वेगाला आळा घालण्याची व्यवस्थाही याच यादीत येते, कारण भरधाव मोटार पर्यटकाची आहे की ठेकेदाराची, हे भेकराला कळत नाही.

आता प्रवेशाचा मुद्दा. जंगलात किती माणसे सामावू शकतात याला मर्यादा आहे, हे सर्वांनाच मान्य आहे. प्रश्न एवढाच की ती मर्यादा पाळायची कशी? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शुल्क वाढविणे. गर्दी आपोआप घटते, तिजोरीही भरते. परंतु किमतीच्या चाळणीने गाळलेली गर्दी म्हणजे श्रीमंतांची गर्दी होय. ज्या देशात जंगल ही सार्वजनिक संपत्ती मानली जाते तेथे वाघ पाहण्याचा अधिकार बाजारभावाने विकणे हे समतेच्या कोणत्याही कल्पनेत बसत नाही. शिवाय शुल्कावर जगणारे खाते मर्यादा वाढविण्याच्या मोहात सदैव पडते. म्हणून संख्या आधी ठरली पाहिजे आणि ती जीवशास्त्राच्या आधारे ठरली पाहिजे. शुल्काचा विचार त्यानंतर. युगांडातील ब्विंडीच्या अरण्यात गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसाला आठच पाहुणे आणि तेही एकच तास नेले जातात. तेथील परवाना अतिशय महाग आहे व तो दोष अनुकरणीय नाही. पण संख्येची मर्यादा किमतीवर सोपविलेली नाही, आणि राष्ट्रीय उद्यानांच्या प्रवेशशुल्कातील २० टक्के वाटा शेजारच्या लोकांना देण्याची तरतूद त्या देशाच्या कायद्यात आहे. गरीब आफ्रिकी देशाला जे लिहिता आले ते महाराष्ट्राला लिहिता येऊ नये, असे काही कारण दिसत नाही.

ठरलेल्या संख्येतही वाटणी न्याय्य हवी. ज्ञानगंगेत रोज जेवढे प्रवेश ठरतील त्यांतील ठराविक भाग जिल्ह्यातील शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी व लगतच्या गावांसाठी विनाशुल्क राखून ठेवावा. जिल्ह्यातील मुलांना बिबट्याची ओळख केवळ पिंजऱ्यातील छायाचित्रांतून व्हावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. खासगी जीपगाड्यांच्या ताफ्याऐवजी सामायिक वाहन चालवावे. रणथंबोरमध्ये वीस आसनांची कँटर गाडी वर्षानुवर्षे धावते. मोठ्या गाडीने कमी फेऱ्यांत अधिक माणसे जातात, इंधन वाचते, आणि चालक ग्रामसभेच्या किंवा सहकारी संस्थेच्या पगारावर असेल तर बक्षिसीसाठी वाघाच्या अंगावर गाडी घालण्याचे कारण उरत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की पर्यटनावर अशी बंधने घातली तर मागासलेल्या भागाला मिळू शकणारा रोजगार बुडेल. रोजगाराची गरज कोणी नाकारीत नाही. पण पावसाळ्यात पर्यटन थांबते तेव्हा मार्गदर्शकाची चूल कशावर पेटते, हा प्रश्न रोजगाराचे गोडवे गाणाऱ्यांनी स्वतःस विचारावा. हॉटेलात व्यवस्थापक शहरातून येतो आणि भांडी घासणारा गावातून घेतला जातो, हे इतरत्र दिसलेले श्रमविभाजन येथे टाळायचे असेल तर मालकी कोणाची, हा प्रश्न आरंभीच सोडविला पाहिजे. राहण्याची सोय अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावातील घरांत किंवा सहकारी निवासांत झाली, तर उत्पन्न गावात राहील आणि जंगलात सिमेंट जाणार नाही.

दुसरा आक्षेप वन्यजीवप्रेमींचा आहे आणि तो अधिक प्रामाणिक आहे. गावकरीही जंगलाचे नुकसान करतात, वणवे लागतात, अनिर्बंध चराई होते, विजेच्या तारांनी शिकार होते, असे ते म्हणतात. हे खरे आहे. समाजवादी कार्यकर्त्यांनी ते नाकारू नये. गरिबाच्या हातून झालेली शिकार ही शिकारच असते. वनहक्क कायदाही सरसकट अतिक्रमणाचा परवाना नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा ही त्यातील स्पष्ट अट आहे. मतांसाठी नव्या अतिक्रमणांना पाठीशी घालणारे पुढारी सर्व पक्षांत आहेत आणि त्यांना विरोध करण्याचे धैर्य दाखविले तरच वनहक्काची बाजू नैतिक बळाने मांडता येईल. मात्र लोकांना हक्क दिले की जंगल संपते, हा समज अनुभवाला धरून नाही. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाला सामूहिक वनहक्क मिळाले तेव्हा गावाने उजाड टेकड्यांवर पुन्हा जंगल उभे केले. या कामाची दखल २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने पुरस्कार देऊन घेतली. राखणदाराला राखणीत वाटा असला की तो राखतो, एवढाच याचा अर्थ.

मग करायचे काय? सुदैवाने हत्यारे कायद्यातच आहेत, ती उचलणारे हात कमी आहेत. पूर्वी उल्लेखिलेल्या तेहतिसाव्या कलमातील दुरुस्तीने असेही सांगितले आहे की जेथे वनहक्क कायदा लागू आहे तेथे अभयारण्याचा व्यवस्थापन आराखडा संबंधित ग्रामसभेशी रीतसर विचारविनिमय करूनच तयार झाला पाहिजे. याच कायद्याने प्रत्येक अभयारण्यासाठी सल्लागार समिती नेमण्याचे बंधन राज्य सरकारवर घातले आहे. तीत त्या मतदारसंघाचा विधिमंडळ सदस्य, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी आणि स्वयंसेवी संस्थांचे दोन प्रतिनिधी असावे लागतात. ज्ञानगंगेच्या समितीची बैठक केव्हा झाली, तिचे इतिवृत्त कोठे आहे, पंचायतींचे प्रतिनिधी कोणी निवडले, हे प्रश्न मोताळा, बुलढाणा, खामगाव आणि चिखली तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी लेखी विचारले पाहिजेत. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज अनेकदा दहा मोर्च्यांचे काम करतो. अर्थात मोर्च्याची वेळ आलीच तर त्यालाही तयार असावे.

ग्रामसभांनी ठराव करताना मागण्या नेमक्या ठेवाव्यात. रोजच्या प्रवेशांची व वाहनांची कमाल संख्या आराखड्यात लिहावी आणि ग्रामसभेच्या संमतीवाचून ती वाढवू नये. हद्दीच्या आत नवा निवास नको. प्रवेशशुल्कातील ठराविक वाटा गावांच्या हाती, अनुदान म्हणून नव्हे तर हक्क म्हणून यावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. चालक व मार्गदर्शक यांना बारमाही वेतन मिळावे, पावसाळ्यात त्यांना वनसंरक्षणाचे काम द्यावे. नियम मोडणाऱ्या पर्यटकास जागेवर दंड व्हावा. लगतच्या गावांना दिवसा वीज, सामूहिक कुंपण आणि ठरलेल्या मुदतीत भरपाई मिळावी. गवत, सरपण व चराई यांच्या वेळा, जागा आणि प्रमाण गावाने व वनखात्याने एकत्र बसून ठरवावे आणि ते गावाने काटेकोर पाळावे. शेवटची अट वनखात्याइतकीच गावालाही बांधील आहे, हे सांगायला कार्यकर्त्यांनी संकोचू नये.

वन्यप्राण्यांचे रक्षण हे चैनीचे काम आहे आणि गरिबांच्या पक्षाला त्याचे सोयरसुतक नसावे, असे मानणारा एक वर्ग डाव्या चळवळीत पूर्वी होता व आजही थोडाफार आहे. त्याने एवढे ध्यानात घ्यावे की या डोंगरांतून उगम पावणाऱ्या नद्यांवर घाटाखालची शेती उभी आहे. जंगल गेले तर प्रथम कोरड पडेल ती जागल करणाऱ्याच्याच विहिरीला. पाहुणा दुसरे जंगल शोधील, शेतकऱ्याला दुसरे शिवार नाही. जंगल टिकण्यात ज्याचे सर्वाधिक हित आहे त्यालाच त्याच्या कारभारातून वगळण्याची रीत बदलणे, हा या सर्व मागण्यांचा गाभा आहे. येत्या हंगामात पुन्हा मचाणे उभी राहतील. त्यापूर्वी निदान अभयारण्यालगतच्या प्रत्येक ग्रामसभेच्या कामकाजात हा विषय नोंदविला गेला, तर सुरुवात झाली असे म्हणता येईल.